पवित्र मिस्सा आणि ख्रिस्तशरीर : कॅथलिक श्रद्धेत युखारिस्तचा अर्थ काय?

निर्मळकाठ (धागालेखक)

नाताळाविषयीच्या धाग्यावर एका सदस्यांनी विचारले होते, की मध्यरात्रीच्या मिस्सेत (चर्चमधील सामूहिक उपासनेत) भाविक रांगेने वेदीपाशी जाऊन पांढरी, गोल, पातळ चकती तळहातावर किंवा जिभेवर घेतात, ती नेमकी काय असते. ते ख्रिस्तशरीर, म्हणजे युखारिस्त या भाकर-द्राक्षारसाच्या संस्कारातील भाकर, असे दोन ओळींत उत्तर मी तेथे दिले. परंतु ज्या गोष्टीवर कॅथलिक जीवन उभे आहे तिची बोळवण दोन ओळींत होणे मला पटले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा. मी धर्मगुरू नाही. वसईतील एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मुलांना प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारासाठी तयार करण्याचे काम अनेक वर्षे करीत आलो आहे, आणि मुलांच्या प्रश्नांनीच मला या विषयाचा अभ्यास करायला लावले आहे.

आरंभ यरुशलेममधील एका माडीवरच्या भोजनाने होतो. वधस्तंभावर मरण येण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांसोबत बसून भाकर हाती घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडली आणि ‘हे माझे शरीर आहे, ते तुमच्यासाठी दिले जात आहे, माझ्या स्मरणार्थ हे करा’ असे म्हणून त्यांना दिली, तसेच द्राक्षारसाचा प्याला देताना हा आपल्या रक्तातील नवा करार आहे असे सांगितले. या प्रसंगाचे सर्वांत जुने लिखित वर्णन शुभवर्तमानांत नाही, तर संत पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. ते पत्र साधारण इ. स. ५३ ते ५५ च्या सुमाराचे मानले जाते, आणि त्यातही पौल म्हणतो की मला जे मिळाले तेच मी तुम्हांला सोपवले. म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आतच ही एक स्थिरावलेली परंपरा होती.

येथे ‘स्मरणार्थ’ म्हणजे गेलेल्या माणसाची आठवण काढणे असे समजले, तर पुढचे काहीच उलगडत नाही. ते भोजन वल्हांडण सणाच्या वातावरणातले होते. यहुदी परंपरेत वल्हांडण साजरा करणाऱ्या प्रत्येक पिढीने, आपण स्वतःच मिसरच्या दास्यातून बाहेर पडलो आहोत असे मानायचे असते. देवाने एकदा केलेली सुटका त्या पंगतीत बसलेल्यांना आज लागू होते. ख्रिस्तसभा, म्हणजे कॅथलिक चर्च, मिस्सेकडे याच दृष्टीने पाहते. वधस्तंभावरील बलिदान एकदाच झाले, ते पुन्हा होत नाही आणि होण्याची गरजही नाही. मात्र तेच एक बलिदान मिस्सेत आपल्यासमोर साक्षात होते आणि आपण त्यात सामील होतो. कॅथलिक लोक दर रविवारी येशूचा पुन्हा बळी देतात असा जो आक्षेप घेतला जातो, त्याला त्रेंत येथील धर्मसभेने (चर्चमधील बिशपांच्या परिषदेने) १५६२ मध्येच हे उत्तर दिले आहे.

आता मुख्य प्रश्न. धर्मगुरूने येशूचे ते शब्द उच्चारल्यावर भाकरीचे काय होते? कॅथलिक शिकवण अशी, की रंग, चव, वास, वजन, पोत यांपैकी काहीही बदलत नाही; परंतु जी भाकर होती ती आता भाकर राहत नाही, तो स्वतः ख्रिस्त असतो. वस्तूचे इंद्रियांना जाणवणारे गुण आणि ती वस्तू मुळात जे आहे ते तिचे सत्त्व, असा भेद ॲरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानात आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्याच परिभाषेत ही श्रद्धा मांडली : गुण राहतात, सत्त्व पालटते. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने या बदलासाठीची संज्ञा (ट्रान्ससबस्टॅन्शिएशन) अधिकृत केली आणि १५५१ मध्ये त्रेंतने ख्रिस्त तेथे ‘खरोखर, वास्तविक आणि सत्त्वरूपाने’ उपस्थित असतो असे ठरवून सांगितले. मला येथे आग्रहाने म्हणावेसे वाटते, की श्रद्धा आधीची आहे आणि परिभाषा नंतरची. अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस इ. स. १०७ च्या सुमारास हौतात्म्याच्या वाटेवर असताना युखारिस्तला आपल्या तारणाऱ्याचे शरीर म्हणत होते, तेव्हा ॲरिस्टॉटलचा तेथे संबंधही नव्हता.

यातून आणखी काही गोष्टी निघतात आणि मुले नेमकी त्याच विचारतात. चकतीचे दोन तुकडे केले तर येशूचे दोन तुकडे होत नाहीत. प्रत्येक कणात तो संपूर्ण असतो. केवळ भाकर घेतली, द्राक्षारस घेतला नाही, तरी काही कमी मिळत नाही. मिस्सा संपल्यावर उरलेले पवित्र ख्रिस्तशरीर फेकले जात नाही. ते वेदीजवळच्या बंद पेटीत, टॅबरनॅकलमध्ये, आजाऱ्यांसाठी आणि आराधनेसाठी ठेवले जाते व तेथे दिवा अखंड तेवत ठेवतात. चर्चमध्ये शिरताना आम्ही गुडघा टेकवतो, तो त्या उपस्थितीपुढे.

सदस्यांनी प्रश्न, आक्षेप, अनुभव निःसंकोच मांडावेत.

मुक्तवाचक

धागालेखकांचे आभार. मी हिंदू घरात वाढलो असून शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबासोबत अनेकदा मिस्सेला बसलो आहे; अर्थातच रांगेत उठून गेलो नाही. माझे दोन प्रश्न आहेत आणि ते कोणाचे मन दुखावण्यासाठी नाहीत. आपण देवापुढे नैवेद्य ठेवतो आणि तोच प्रसाद म्हणून सर्वांना वाटतो. मिस्सेतील भाकर वेदीवर अर्पण होते आणि मग वाटली जाते, तर हे प्रसादाहून वेगळे कसे? दुसरे असे, की मूर्तीत प्राणप्रतिष्ठा केल्यावर ती केवळ पाषाण राहत नाही असे आम्हीही मानतो. आपण सांगता ते त्याच जातीचे आहे का? आणि प्रयोगशाळेत तपासणी केली तर पीठ आणि पाणीच निघणार असेल, तर ‘बदल झाला’ या विधानाला अर्थ कोणता उरतो?

निर्मळकाठ (धागालेखक)

मुक्तवाचक, प्रसादाशी नाते आहे हे मी नाकारणार नाही. म्हणूनच वसईत साध्या बोलण्यात कोणी ख्रिस्तप्रसाद असा शब्द वापरला तर तो कानाला खटकत नाही. धान्य पिकवणाऱ्याचे कष्ट आणि भूमीची देणगी दोन्ही वेदीवर ठेवून देवाचे आभार मानणारी प्रार्थना मिस्सेतही आहे. परंतु प्रसादात आपण वाहिलेली वस्तू देवाच्या कृपेचा स्पर्श घेऊन परत येते, आणि ती वस्तू तीच राहते. मिस्सेत आपण भाकर वाहतो आणि परत येतो तो देणारा स्वतः. योहानाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येशू जेव्हा ‘माझा देह हे खरे अन्न आहे’ असे म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण हे बोलणे कठीण आहे असे म्हणून निघून जातात. त्याने त्यांना मागे बोलावून ‘मी केवळ उपमा दिली होती’ असे सांगितले नाही. उलट उरलेल्या बारा जणांनाच विचारले, तुम्हीही जाणार का? कॅथलिक वाचनात हा प्रसंग फार महत्त्वाचा आहे.

प्राणप्रतिष्ठेविषयी अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. मला दिसणारा फरक एवढाच सांगतो, की मूर्तीत देवतेला आवाहन केले जाते आणि दगड आपल्या जागी राहून तिचे अधिष्ठान होतो. युखारिस्तमध्ये भाकर अधिष्ठान म्हणूनही शिल्लक राहत नाही. शिवाय हे ख्रिस्तशरीर केवळ दर्शनासाठी नसते, ते खाण्यासाठी असते.

प्रयोगशाळेचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरळ आहे : तपासणीत पीठ आणि पाणीच निघेल, आणि ख्रिस्तसभेने कधीही वेगळे काही निघेल असे सांगितलेले नाही. तपासणी होते ती गुणांची, आणि गुण बदलत नाहीत हे शिकवणीतच अंतर्भूत आहे. अक्वायनस यांच्या नावावर असलेल्या एका लॅटिन स्तोत्रात म्हटले आहे, की दृष्टी, स्पर्श आणि चव येथे फसतात, विश्वास ठेवावा तो केवळ कानांवर, कारण बोलणारा देवपुत्र आहे. म्हणजे पुरावा मागायचा झाला तर तो भाकरीजवळ न मागता ‘हे माझे शरीर आहे’ असे म्हणणाऱ्याजवळ मागावा लागतो. ज्याचा त्याच्यावर विश्वास नाही, त्याला हे विधान पटणार नाही, आणि ते मी समजू शकतो.

नगरकर

मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा सभासद आहे. आमच्या घराण्याची ख्रिस्ती परंपरा १८३१ मध्ये अहमदनगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनपासूनची आहे. आम्ही याच विधीला प्रभुभोजन म्हणतो आणि तो आम्हांलाही अतिशय पवित्र वाटतो, म्हणून प्रॉटेस्टंट मंडळी हे ‘नुसते चिन्ह’ मानतात असे सरसकट लिहिले जाते तेव्हा वाईट वाटते. १५२९ च्या ऑक्टोबरमध्ये मारबुर्ग येथे मार्टिन लूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रॉटेस्टंट सुधारक समोरासमोर बसले, तेव्हा लूथर यांनी मेजावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ हे लॅटिन शब्द लिहून ठेवले होते आणि त्यांपासून ते तसूभर हलायला तयार नव्हते. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले आणि नेमक्या याच मुद्द्यावर फाटले. म्हणजे आमच्यातही एका टोकाला ख्रिस्ताची खरी उपस्थिती मानणारे आहेत, दुसऱ्या टोकाला स्मरण मानणारे आहेत, आणि १९७० मध्ये नागपूर येथे ज्या सहा मंडळ्या एकत्र येऊन आमचे चर्च स्थापन झाले त्यांच्यातही ही विविधता होतीच. तिच्यासह आम्ही एका मेजाशी बसतो.

आता माझे दुःख सांगतो. कॅथलिक आप्तांच्या लग्नात किंवा अंत्यविधीत मिस्सा असते, तेव्हा त्या क्षणी मी बाकावर बसून राहतो आणि माझ्या शेजारचे उठून जातात. त्याच ख्रिस्तावर माझाही विश्वास आहे, माझाही बाप्तिस्मा झाला आहे आणि तो कॅथलिक ख्रिस्तसभा मान्यही करते. ज्याने समाजाने पापी ठरवलेल्या जकातदारांसोबत जेवण केले त्याच्या मेजाला एवढे राखण का असावे?

उत्तनकिनारा

नगरकर, आपला प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. मी ईशज्ञानाचे (थिऑलॉजीचे) थोडे औपचारिक शिक्षण घेतले आहे, त्या आधारे लिहितो.

कॅथलिक दृष्टीने ख्रिस्तशरीर घेताना दोन गोष्टींना एकाच वेळी ‘आमेन’ म्हटले जाते. एक तर हा ख्रिस्त आहे, आणि दुसरे म्हणजे या वेदीभोवती जमलेल्या ख्रिस्तसभेशी, तिच्या बिशपांशी आणि तिच्या श्रद्धेशी मी पूर्णपणे एक आहे. संत ऑगस्टीन नवदीक्षितांना सांगत, की वेदीवर ठेवले आहे ते तुमचेच रहस्य आहे. जे तुम्ही आहात ते स्वीकारा आणि जे स्वीकारता ते बना. ती एकता प्रत्यक्षात तुटलेली असताना वेदीपाशी ती असल्याची खूण करणे खरेपणाला धरून नाही, अशी भूमिका आहे. यात दार कायमचे बंदही नाही. मृत्यूचा धोका किंवा तशीच गंभीर निकड असेल, स्वतःच्या मंडळीचे पाळक उपलब्ध नसतील, त्या व्यक्तीने आपणहून मागणी केली असेल आणि या संस्कारावरील कॅथलिक श्रद्धा ती मानत असेल, तर बिशपांच्या निर्णयानुसार तिला हा संस्कार देता येतो. कॅथलिक चर्चच्या धर्मनियमसंहितेच्या ८४४ व्या कलमात ही तरतूद आहे. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स बांधवांसाठी नियम याहून सैल आहेत. १९८२ मध्ये लिमा येथे बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवाधिकार यांवर जो संयुक्त मसुदा तयार झाला, त्यात कॅथलिक पंडितही सहभागी होते आणि त्यातील स्मरणाविषयीचा भाग वाचला तर आपले अंतर लोक समजतात त्याहून कमी आहे असे दिसते.

परंतु मला यापेक्षा वेगळ्या ठिकाणी बोट ठेवायचे आहे. ‘कोण योग्य, कोण अयोग्य’ ही चर्चा ज्या वचनावरून सुरू होते, ते वचन कोणत्या प्रसंगी लिहिले गेले हे आपण कॅथलिक सोयीस्करपणे विसरतो. जो अयोग्य रीतीने ही भाकर खातो तो प्रभूच्या शरीराविषयी दोषी ठरतो, असे पौल करिंथकरांना सांगतो. करिंथमध्ये घडत काय होते? सभा एका घरात भरत असे. सवडीचे, सुखवस्तू लोक आधी येऊन खाऊनपिऊन तृप्त, किंबहुना मत्त होत, आणि कष्टकरी लोक येईपर्यंत त्यांच्यासाठी काही उरत नसे. एक जण भुकेला राहतो आणि दुसरा झिंगतो, हे तुमचे जेवण प्रभूचे भोजन नव्हेच, इतक्या कठोर शब्दांत पौल सुनावतो. म्हणजे ख्रिस्ताचे शरीर न ओळखण्याचा नव्या करारातील पहिला आरोप गरिबांना उपाशी ठेवणाऱ्या सभासदांवर झालेला आहे.

हा योगायोग नाही, कारण पुढच्या प्रत्येक साक्षीत हेच दिसते. धागालेखकांनी इग्नेशियस यांचा दाखला दिला. त्याच पत्रात, त्या वाक्याच्या लगेच आधी, ते चुकीच्या शिकवणीच्या लोकांची ओळख अशी सांगतात की त्यांना विधवेची, अनाथाची, पीडिताची आणि भुकेल्याची पर्वा नसते. इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनी रोमन सम्राटाला उद्देशून रविवारच्या सभेचे वर्णन लिहिले : प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, प्रमुख बोध करतो, सर्व जण उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आणला जातो, प्रमुख आभारप्रार्थना म्हणतो, लोक आमेन म्हणतात, सर्वांना वाटप होते आणि गैरहजर असलेल्यांकडे सेवक घेऊन जातात. आजच्या मिस्सेचा सांगाडा यात जसाच्या तसा आहे. आणि लगेच पुढे जस्टिन सांगतात, की ज्यांना ऐपत आहे ते यथाशक्ती देतात, ते प्रमुखाकडे जमा होते आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदीवान आणि परके यांची काळजी घेतली जाते. उपासनेचे वर्णन करताना त्यांना हे वगळावेसे वाटले नाही, कारण ते उपासनेच्या बाहेरचे नव्हतेच.

चौथ्या शतकात संत योहान क्रिसोस्तोम यांनी प्रवचनात लोकांना बजावले, की ख्रिस्ताच्या शरीराचा मान राखायचा आहे ना, मग चर्चमध्ये त्याला रेशमी वस्त्रे चढवून बाहेर थंडीने कुडकुडणाऱ्या उघड्या ख्रिस्ताकडे दुर्लक्ष करू नका. ज्याने ‘हे माझे शरीर आहे’ म्हटले, त्यानेच ‘मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिले नाही’ असेही म्हटले आहे. दोन्ही वाक्ये एकाच मुखातली आहेत. पहिल्यावर शब्दशः विश्वास ठेवणाऱ्याने दुसरे अलंकारिक मानावे, याला कोणता आधार? १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही युखारिस्त आपल्याला गरिबांशी बांधून टाकते असे स्वच्छ लिहिले आहे. माझ्या मते खऱ्या उपस्थितीची शिकवण आणि ही बांधिलकी या एकाच श्रद्धेच्या दोन बाजूही नव्हेत. ती एकच गोष्ट आहे.

ओव्हलसमोर

उत्तनकिनारा यांच्या प्रतिसादाला मुंबईच्या इतिहासातील एक प्रसंग जोडतो. १९६४ च्या नोव्हेंबरअखेरीस आणि डिसेंबरच्या आरंभी अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषद मुंबईत भरली होती. कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस तेव्हा आर्चबिशप होते आणि मुख्य सोहळे ओव्हल मैदानावर झाले. २ ते ५ डिसेंबर या काळात पोप सहावे पॉल मुंबईत होते; भारतभूमीवर पाय ठेवणारे ते पहिले पोप. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी ‘असतो मा सद्गमय’ ही बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थना उद्धृत केली, हे अनेकांना ठाऊक आहे.

परंतु तो काळ देशात धान्यटंचाईचा आणि भाववाढीचा होता, हे विसरू नये. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९६५ मध्ये, भारतीय अन्न महामंडळ अस्तित्वात आले, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. अशा शहरात भाकरीच्या संस्काराचा जागतिक सोहळा करण्याचा अर्थ काय, हा प्रश्न तेव्हा विचारणे गैर नव्हते. मुंबईतूनच पोपनी जगातील राष्ट्रांना आवाहन केले, की शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग तरी बाजूला काढून जगातील गरजूंसाठी एक निधी उभारावा. जाताना त्यांनी आपल्यासाठी आणलेली मोटार मदर तेरेसा यांच्या कार्याला दिली. ते आवाहन राष्ट्रांनी मनावर घेतले नाही, हे दुर्दैव. पण युखारिस्त परिषदेच्या निमित्ताने ते होणे अगदी सुसंगत होते, असे मला वाटते.

नगरकर

उत्तनकिनारा, आपल्या उत्तराने माझे दुःख गेले असे म्हणणार नाही, परंतु आपण ज्या ठिकाणाहून प्रश्न उलटवलात ते ठिकाण मला मान्य आहे. आमच्या मंडळ्यांतही मेज सर्वांना खुले असते आणि मेजानंतर कोण कोणाच्या घरी जेवतो यात जुन्या जातींच्या रेषा अजून दिसतात. खुले मेज ठेवूनही करिंथकर होता येते.

पुण्यातला_रविवार

मी तिशीच्या आतला कॅथलिक आहे, नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. वरचे सर्व वाचले आणि बौद्धिक पातळीवर समजलेही. परंतु मला मिस्सेत काहीही जाणवत नाही, हे मी कोणाला सांगू? सवयीने रांगेत जातो, ‘आमेन’ म्हणतो, परत येतो. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत, भाकर व द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात असे मानणारे कॅथलिक सुमारे एक तृतीयांशच आढळले. ते वाचून मला धक्का बसला नाही, उलट मी एकटा नाही असे वाटले. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही महिनोन्‌महिने मिस्सा पडद्यावर पाहिली आणि ख्रिस्तशरीराऐवजी आध्यात्मिक स्वीकाराची, म्हणजे ते मनानेच स्वीकारण्याची, प्रार्थना म्हटली. तेवढ्याने भागत होते, तर मग चर्चमध्ये जाण्याची आवश्यकता काय, असा प्रश्न तेव्हापासून मनात आहे.

निर्मळकाठ (धागालेखक)

आपण हे येथे लिहिलेत याबद्दल मी आपला ऋणी आहे. आपल्या वयाच्या अनेक मुलांच्या मनात हे असते, पण बोलून दाखवण्याची जागा त्यांना मिळत नाही.

जाणवण्याविषयी प्रथम. शिकवण अशी आहे की ख्रिस्ताची उपस्थिती त्याच्या शब्दावर अवलंबून आहे. आपल्या भावनेवर नाही, एवढेच काय धर्मगुरूच्या सद्गुणांवरही नाही. म्हणून कोरड्या मनाने घेतलेला संस्कार खोटा ठरत नाही. मला स्वतःला या शिकवणीचा मोठा आधार वाटतो, कारण माझे मन आज कसे आहे यावर देवाचे येणे ठरत असते, तर ते येणे फारच अनिश्चित झाले असते. मात्र मनाची तयारी निरर्थक आहे असे यातून निघत नाही. संस्कार घेण्यापूर्वी तासभर उपवास करायचा, गंभीर पाप केले असल्यास आधी प्रायश्चित्त संस्कार (धर्मगुरूपाशी पापांची कबुली) घ्यायचा, हे नियम आहेत ते आपण कोणाला भेटायला चाललो आहोत याचे भान शरीरालाही यावे म्हणून. हा उपवास पूर्वी मध्यरात्रीपासून असे. पुढे तो तीन तासांचा आणि १९६४ मध्ये एक तासाचा झाला. आजारी आणि वृद्ध यांना तोही नाही, आणि पाणी व औषध कोणालाही चालते.

संस्कार क्वचित घेण्याची सवय ख्रिस्ती लोकांना कित्येक शतके होती, हेही आपल्याला सांगितले पाहिजे. लोक इतके दुरावले होते, की वर्षातून निदान एकदा तरी, पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) काळात, ख्रिस्तशरीर घ्या, असा नियम चौथ्या लॅटरन धर्मसभेला करावा लागला. बहुतेक लोक दुरून दर्शन घेऊन समाधान मानीत. पोप संत दहावे पायस यांनी १९०५ मध्ये वारंवार, शक्य तर रोज, संस्कार घेण्यास उत्तेजन दिले आणि १९१० मध्ये साधारण सात वर्षांच्या, समज आलेल्या मुलांना तो खुला केला. हे अन्न निर्दोष लोकांना मिळणारे पारितोषिक नसून दुर्बळांचे औषध आहे, हा त्यामागचा विचार होता. आज आपण जी रांग सवयीची म्हणता, ती एवढ्या खटपटीनंतर पुन्हा मिळालेली आहे.

आता पडद्यावरच्या मिस्सेविषयी. २७ मार्च २०२० च्या पावसाळी संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी निर्मनुष्य सेंट पीटर चौकाकडे तोंड करून पवित्र ख्रिस्तशरीराने जगाला आशीर्वाद दिला, तेव्हा आम्हीही घरी पडद्यासमोर गुडघे टेकले होते, आणि तो आशीर्वाद आम्हांला पोहोचला याविषयी मला शंका नाही. आध्यात्मिक स्वीकार ही फार जुनी भक्ती आहे. परंतु ती इच्छेची प्रार्थना आहे, आणि इच्छा ज्याची असते त्याची जागा ती स्वतः घेऊ शकत नाही. देव माणूस झाला, त्याने शरीर धारण केले, आणि शरीराने शरीरांना खाऊ घातले. पडद्यावर पाहून हे अन्न खाता येत नाही, आणि शेजारी कोण बसला आहे, तो कोणत्या विवंचनेत आहे, हेही पडद्यावर दिसत नाही. उत्तनकिनारा जे म्हणत आहेत त्याचा धागा येथेही लागतो.

आणखी एका माणसाविषयी लिहितो. व्हिएतनामचे आर्चबिशप फ्रान्सिस झेवियर न्युएन वान थुआन यांना १९७५ मध्ये अटक झाली आणि त्यांनी तेरा वर्षे बंदिवासात काढली, त्यांपैकी नऊ एकांतवासात. त्यांनी बाहेरच्या भाविकांना पोटाच्या दुखण्यावरचे औषध म्हणून थोडा द्राक्षारस मागितला. लोकांना इशारा समजला आणि त्यांनी औषधाची चिठ्ठी लावून कुपी पाठवली. दररोज तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा करीत. पुढे छावणीत इतर कैदी सोबत असताना सिगारेटच्या पाकिटांच्या कागदाच्या पुड्या करून त्यांत ख्रिस्तशरीराचे कण ठेवले जात आणि कैदी आळीपाळीने ते जवळ बाळगीत. त्या काळातही ते मनाने प्रार्थना करू शकतच होते. तरीही त्या तीन थेंबांसाठी त्यांनी एवढा धोका पत्करला. त्यांना रोज काही विशेष जाणवत असेल असे मी म्हणत नाही. त्यांना एवढे ठाऊक होते की येथे कोणी आहे, आणि त्याच्याशिवाय आपले चालत नाही. मला वाटते, आपणही आपल्या कोरडेपणासकट रांगेत जात राहावे, आणि एखाद्या आठवड्याच्या दिवशी टॅबरनॅकलसमोर अर्धा तास नुसते बसून पाहावे.

माउली_नाशिक

चर्चा वाचते आहे. माझा प्रश्न लहान आहे, पण आमच्यासाठी मोठा आहे. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला सीलिअक रोग आहे, गव्हाचा कणही तिला चालत नाही. येत्या वर्षी तिच्या वर्गातील मुलांचा प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार आहे. तांदळाची भाकर चालत नाही असे ऐकले आहे. मग तिने काय करायचे? ती मला रोज विचारते, की येशू मला का येऊ देत नाही.

निर्मळकाठ (धागालेखक)

ताई, तिला आजच सांगा की तिला कोणीही अडवलेले नाही. भाकर गव्हाचीच हवी, तांदळाची किंवा ग्लुटेन (गव्हातील प्रथिन) पूर्णपणे काढलेली चालत नाही, हे खरे आहे. येशूने जे घेतले तेच आपण घ्यावे म्हणून हा नियम आहे आणि २०१७ मध्ये रोमने बिशपांना पत्र पाठवून तो पुन्हा स्पष्ट केला. अतिशय कमी ग्लुटेन असलेल्या गव्हाच्या चकत्या मात्र ग्राह्य आहेत. त्यांतील अल्प प्रमाणही तिला सोसणार आहे की नाही हे तिच्या डॉक्टरांनाच विचारा. त्यात अंदाज करू नका.

ते सोसत नसेल तर तिने केवळ द्राक्षारसाच्या रूपात संस्कार घ्यावा. प्रत्येक रूपात ख्रिस्त संपूर्ण असतो असे मी मूळ लेखात लिहिले ते अशाच प्रसंगी कामी येते : तिला तिच्या मैत्रिणींपेक्षा तसूभरही कमी मिळणार नाही. एक काळजी मात्र आवर्जून घ्यावी लागेल. मिस्सेत धर्मगुरू मोडलेल्या भाकरीचा एक लहान कण मुख्य चषकात सोडतात, म्हणून त्या चषकातून तिला देऊ नये. तिच्यासाठी वेगळा लहान चषक आधीपासून वेदीवर ठेवून त्यातील द्राक्षारसावर आशीर्वचन व्हावे, आणि तो भाकरीला हात लागलेल्या सेवकाने हाताळू नये. सोहळ्याच्या कित्येक आठवडे आधी धर्मग्रामाच्या फादरांना भेटून हे सर्व समजावून सांगा आणि तिच्या वर्गशिक्षिकेलाही कल्पना द्या, म्हणजे त्या दिवशी तिला रांगेतून बाजूला काढले जाणार नाही. आमच्या वर्गात अशी एक मुलगी होती; तिचा चषक आम्ही रांगेच्या मध्यावर, तिच्या नेहमीच्या क्रमाला, आणण्याची व्यवस्था केली होती. फादरांना काही शंका असल्यास त्यांना धर्मनियमसंहितेचे ९२५ वे कलम पाहण्यास सांगा. गरज असेल तेव्हा केवळ द्राक्षारसाच्या रूपात संस्कार देण्याची मुभा त्यात दिलेली आहे.